मणक्याचं ऑपरेशन झालेलं कुत्रं आणि आपलं बाहेर जेवायला जाणं

चांदणचुरा

नमस्कार मंडळी,

चिकू हा आमचा डॅशहाउंड. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, टाके निघालेत आणि सध्या तो घरी क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या पिंजऱ्यात आहे. ऑपरेशनबद्दल सविस्तर लिहायचंच होतं, कारण अशा प्रसंगात अचानक सापडलेल्या माणसाला मराठीत वाचायला फार कमी मिळतं. त्याच्याबरोबर एक विचारायचंही आहे, आणि ते घरातल्या आम्हा माणसांबद्दल आहे.

आजाराचं नाव आयव्हीडीडी, म्हणजे इंटरव्हर्टिब्रल डिस्क डिसीज, मणक्यांमधल्या चकतीचा आजार. दोन मणक्यांच्या मधे जी चकती असते, तिचा आतला गर मऊ असायला हवा. डॅशहाउंड, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, बीगल, शिह त्झू अशा जातींमध्ये तो गर कुत्रं वर्षाचं व्हायच्या आतच सुकायला लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साचून तो कडक होतो. मग कधीतरी चकतीचं बाहेरचं आवरण फाटतं आणि आतला गर थेट मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत यामागे असते, हे २०१७ मध्ये संशोधनातून समोर आलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'सोफ्यावरून उड्या मारू दिल्या म्हणून झालं' असं मालकांना ऐकवणारे बरेच भेटतात. उडी निमित्त ठरू शकते. चकती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून खराब होत आलेली असते.

चिकू सकाळी पाठ वर काढून थरथरत उभा होता. संध्याकाळी मागचे पाय ओढायला लागला आणि रात्री ते हलेचनात. व्हेटनी त्याच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. चिकूने मान वळवून बघितलं आणि कळवळून ओरडला. त्या ओरडण्यावर पुढचं सगळं ठरतं, हे मला तेव्हा कळलं. खोल वेदना जाणवत असेल तर ऑपरेशननंतर दहातली नऊच्या आसपास कुत्री पुन्हा चालतात. ती जाण गेली असेल तर हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. म्हणूनच मागचे पाय गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत 'उद्या सकाळी बघू' म्हणायचं नसतं.

मग एमआरआय झाला. साध्या एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. चकती फाटली होती ती छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या मधे. सर्जननी सांगितलं की बहुतेकांची याच भागात फाटते, कारण त्याच्या अलीकडच्या, डोक्याच्या बाजूच्या छातीच्या मणक्यांत दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना जोडणारा एक बंध चकतीवरून जातो आणि तिला आडोसा देतो. हेमिलॅमिनेक्टॉमी केली, म्हणजे मणक्याच्या एका बाजूची हाडाची भिंत उघडून आत साचलेला गर काढला. शेजारच्या चकत्यांना छेद देऊन त्यांचाही गर काढून टाकला. त्याला फेनेस्ट्रेशन म्हणतात, आणि त्यामुळे त्याच चकत्या पुन्हा फाटण्याचा धोका कमी होतो.

आता चिकू पायांवर उभा राहतो, डगमगत का होईना चार पावलं टाकतो. डावा पंजा अजून उलटा पडतो.

आता प्रश्न. ऑपरेशनच्या आधी आम्ही घरचे सगळे अधूनमधून बाहेर जेवायला जायचो. फार थाटाची ठिकाणं नव्हेत. उघड्यावर टेबलं असतील, कुत्र्याला येऊ देत असतील अशी. चिकू टेबलाखाली माझ्या पावलांवर हनुवटी टेकवून झोपायचा. ऑपरेशन झाल्यापासून आम्ही सगळे एकत्र घराबाहेर पडलेलोच नाही. कुणीतरी कायम क्रेटपाशी. सासूबाई परवा म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघं जरा जाऊन या, मी आहे ना." आणि माझ्या पोटात गोळा आला.

तर दोन गोष्टी सांगा. त्याला घरी ठेवून बाहेर जेवायला जायला तुम्ही कधी सुरुवात केलीत, आणि काय तयारी केलीत? आणि त्याला बरोबर न्यायची वेळ आली हे कशावरून ओळखलंत? मला आमचं ते जेवण परत हवंय, चिकूसकट. घाई मात्र करायची नाहीये.

---

डोंगरवाट

ताई, आधी चिकूला खूप सारं प्रेम. आमच्या फ्रेंचीचं (फ्रेंच बुलडॉगचं) ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे तुमच्या पोटातला तो गोळा मला अगदी ओळखीचा वाटला.

आमच्याकडे सुटका झाली ती लघवीच्या वेळापत्रकामुळे. सुरुवातीला त्याचं मूत्राशय आम्हालाच दाबून रिकामं करावं लागायचं, दिवसातून तीन-चार वेळा. ज्यांना हे करावं लागत असेल त्यांच्यासाठी: अंथरूण ओलं दिसलं म्हणजे कुत्रं स्वतःहून लघवी करतंय असं धरून चालू नका. मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी आपसूक ठिबकते. आत उरलेली तशीच राहते आणि संसर्ग होतो. दवाखान्यातून घरी आणताना दाबायची पद्धत तिथल्या नर्सच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करून बघा. नुसतं बघून ती जमत नाही.

तेव्हा आमचा हिशेब असा होता: लघवी काढली, औषध दिलं, कूस बदलून दिली की मगच दोघांनी निघायचं, आणि पुढची वेळ व्हायच्या बरंच आधी परतायचं. घराजवळचंच ठिकाण. जेवण येईस्तोवर ताटकळायला लागणारी जागा नको. घरी जे कुणी थांबेल त्याला दोनच गोष्टी सांगून ठेवायच्या. क्रेटचं दार उघडायचं नाही. आणि तो अचानक ओरडला, पाठ ताठ धरली किंवा पाय पुन्हा हलेनासे झाले, तर लगेच फोन करायचा.

सासूबाई थांबतो म्हणतायत ना, मग जा. खरंच जा. आमच्या घरात त्या काळात आम्ही नवरा-बायको आळीपाळीने उभ्या उभ्या जेवायचो आणि एकमेकांशी फक्त गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलायचो. एका टेबलाशी समोरासमोर बसून गरम जेवलो, त्यानंतर पुढच्या आठवड्याचं बळ आलं.

---

काजवा

वर दोघांनीही फार छान लिहिलंय. चिकूला माझ्याकडून कानामागे खाजवा. सध्या जेवण घरी मागवून क्रेटशेजारी सतरंजी टाकून बसा, तेही बाहेर जेवल्यासारखंच वाटतं. आम्ही असंच करायचो.

---

उन्हाची_तिरीप

मी प्राण्यांच्या फिजिओथेरपीचं काम करते. चिकूला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या सर्जनचा शब्द अखेरचा. तरी तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं लांबलचक लिहिते, कारण लोक हमखास विचारतात आणि 'अमुक आठवड्यांनी न्या' एवढं उत्तर पुरत नाही.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हालचाल मर्यादित ठेवायला सांगतात. क्रेट, आणि लघवी-शीसाठी पट्ट्यावर धरून थोडा वेळ बाहेर. हा काळ पूर्ण होईपर्यंत बाहेर जेवायला नेण्याचा विचारही नको. कुत्रं बरं दिसायला लागतं तोच सगळ्यात धोक्याचा काळ असतो, कारण त्याला वाटतं आपण ठणठणीत आहोत.

मणक्याच्या इजेतून गेलेलं कसं परत येतं, याला एक क्रम आहे. आधी वेदनेची जाण, मग पायांची स्वतःच्या इच्छेने हालचाल, आणि सगळ्यात शेवटी पाय नेमका कुठे आहे याचं भान. तुमच्या चिकूचा पंजा उलटा पडतो, म्हणजे हे शेवटचं अजून यायचंय. काही कुत्र्यांमध्ये ते पूर्ण येतही नाही, आणि तरी ती आनंदाने आयुष्यभर चालतात.

इथे एक गैरसमज दूर करते. बोट दाबल्यावर पाय मागे ओढला, एवढ्यावरून जाण आहे असं ठरत नाही. तो मज्जारज्जूच्या पातळीवरचा प्रतिक्षेप असतो, मेंदूपर्यंत निरोप पोचला नाही तरी होतो. कुत्र्याने वळून बघायला हवं, ओरडायला हवं, चावायला धावायला हवं. चिकूने ते केलं, म्हणून तुमच्या व्हेटना दिलासा मिळाला असणार. घरच्या घरी बघण्यासारखी त्याहून गोड खूण म्हणजे शेपूट. तुमचा आवाज ऐकून ती हलली, तर मेंदू आणि शेपूट यांच्यातला रस्ता चालू आहे.

आता बाहेर नेण्याबद्दल. सर्जननी मोकळीक दिल्यावरही मी आमच्याकडे येणाऱ्या मालकांना घरच्या फरशीवर बघायला सांगते. तो न घसरता वळू शकतो का? बसल्याजागेवरून स्वतः उठतो का? उभं राहून सगळं खाणं संपवतो का, की मधेच मागचा भाग खाली जातो? स्वतःहून पूर्ण लघवी करतो का? या सगळ्याला हो असेल तर तो थोडा वेळ टेबलाखाली बसायला तयार आहे. एकालाही नाही असेल तर त्याला घरी राहू द्या, तुम्ही जा.

ठिकाण निवडताना बहुतेक जण मेनू बघतात. तुम्ही फरशी बघा. गुळगुळीत फरशीवर असं कुत्रं तोल सावरायला पाय फाकवतं, कंबर पिळवटते, आणि नेमकं तेच आपल्याला टाळायचं असतं. माती, गवत, खडबडीत दगड चांगले. रबरी पाठीची चटई बरोबर न्या, योगाची चटई कापून घेतली तरी चालते. टेबल भिंतीकडेचं मागा, वाढणाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं नको. ताट घेऊन येणाऱ्या माणसाला खाली आडवं झालेलं कुत्रं दिसत नाही, आणि दचकून उठलेलं कुत्रं कसंही उठतं. पायऱ्या असतील तर उचलून घ्या, एक हात छातीखाली आणि एक मागच्या भागाखाली, पाठ जमिनीला समांतर. गळ्यातला पट्टा नको, छातीभोवती बांधायचा हार्नेस हवा. खुर्चीवर किंवा मांडीवर घेऊ नका, तिथून उतरताना तो तुम्हाला विचारणार नाही.

पहिल्या वेळी जेवायला जाऊच नका. चहा-कॉफी घ्या आणि उठा. अगदी थोड्या वेळात तो किती थकतो ते कळेल. घरी येऊन पाय जास्त ओढायला लागला तर अजून थांबायचं.

---

शेपटीवाला

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझ्या मते मणक्याचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला अशा ठिकाणी न्यायचंच नाही. आमच्या कुत्रीचं ऑपरेशन उत्तम झालं, ती चालायला लागली, आणि पुढे दुसऱ्याच जागची चकती फाटली. एक चकती दुरुस्त झाली म्हणजे बाकीच्या चांगल्या झाल्या असं नसतं. सगळ्या त्याच शरीरातल्या, त्याच जनुकांच्या. हॉटेलात दुसरं कुत्रं अंगावर येतं, लहान मुलं धावत येतात, कुणाची खुर्ची सरकते. आपण लक्ष ठेवू म्हणतो, पण जेवताना आणि गप्पा मारताना किती लक्ष राहतं?

तिला घरी तिच्या बिछान्यावर शांत झोपलेली बघून आम्ही बाहेर जातो आणि परत आल्यावर तिच्यासोबत बसतो. तिला त्यात काही कमी पडतंय असं मला कधी दिसलं नाही. बाहेर जेवायची हौस आपली असते, त्यासाठी तिच्या पाठीला का ताण द्यायचा?

---

डोंगरवाट

दादा, तुमची काळजी समजू शकते, आणि दुसऱ्यांदा त्यातून जाणं काय असेल याची कल्पनाही करवत नाही. पण प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव वेगळा. आमचा फ्रेंची घरी एकटा राहिला की क्रेटचं दार पंजांनी ओरबाडतो, भुंकून भुंकून अंग ताठ करतो. त्याच्या पाठीला तो ताण जास्त. आमच्यासोबत चटईवर पडून असतो तेव्हा तो गाढ झोपतो. डॉक्टरांनी क्रेटच्या काळात त्याला शांत राहायचं औषधही दिलं होतं, आणि ते मागायला अजिबात संकोच करू नये असं मला वाटतं.

---

रानवारा

सगळे फरशी आणि चटईबद्दल बोलतायत, पण ताटातल्या गोष्टींबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, विशेषतः या कुत्र्यांसाठी.

काहींना मणक्याच्या दुखण्यात स्टिरॉइड दिलेलं असतं. त्याने भूक आणि तहान प्रचंड वाढते. नेहमी शहाण्यासारखं बसणारं कुत्रंसुद्धा टेबलाशी अशा डोळ्यांनी बघतं की शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा घास पुढे करतात. हॉटेलातल्या बहुतेक पदार्थांत कांदा-लसूण असतो, आणि दोन्हीने कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवूनही विष कमी होत नाही. शिजवलेल्या हाडाचे तुकडे अणकुचीदार होतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट वर्ज्य. साखर न घातलेल्या गोड पदार्थांत झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोडवा देणारं द्रव्य असू शकतं, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांतही ते असतं. गॅबापेंटिन हे वेदनेवरचं औषध या कुत्र्यांना बऱ्याचदा देतात, तर त्याचं माणसांचं सिरप व्हेटना विचारल्याशिवाय वापरू नका.

स्टिरॉइड आणि सूज कमी करणारी वेदनाशामकं एकत्र कधीही द्यायची नाहीत, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो. आणि घरातली इबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर अजिबात नको.

वजनाबद्दलही बोलायला हवं. हिंडणं-फिरणं बंद असताना खाणं तेवढंच ठेवलं तर वजन वाढतं, आणि प्रत्येक जादा किलो त्याच पाठीला उचलावा लागतो. आम्ही बाहेर जाताना त्याच्या रोजच्या खाण्यातलाच एक भाग डब्यात नेतो. आपलं जेवण आलं की त्याचाही डबा उघडतो. सगळे एकत्र जेवतात आणि कुणाच्या ताटातलं काही खाली जात नाही.

---

पाऊलवाट

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमची कुत्री चालू शकली नाही.

तिची खोल वेदनेची जाण दवाखान्यात पोचेपर्यंत गेलेली होती. ऑपरेशन केलं, फिजिओ केली, पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवली. सुरुवातीचे दिवस आम्ही श्वास रोखून होतो, कारण अशा कुत्र्यांपैकी साधारण दहा टक्क्यांत मज्जारज्जू पुढेपुढे मरत जातो आणि श्वासापर्यंत पोचतो, हे सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. ते झालं नाही. पाय मात्र परत आले नाहीत. आता ती चाकांच्या गाडीवर फिरते, सुसाट.

तिला आम्ही बाहेर जेवायला नेतो. गाडी काढून ठेवतो, ती जाड गादीवर आडवी होते, कारण गाडीत फार वेळ राहिली की कातडी घासते. अधूनमधून कूस बदलून देतो, नितंबांची हाडं आणि कोपरं तपासतो. निघायच्या आधी मूत्राशय रिकामं करतो, वर डायपर असतोच. आजूबाजूची माणसं बघतात. काही 'बिचारी' म्हणतात, काही जवळ येऊन विचारतात. मुलांना मी गाडीचं चाक फिरवून बघू देते. त्यांना ती फार आवडते.

ज्यांच्या कुत्र्याचं बोट दाबल्यावर त्याने वळून बघितलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तो निकाल ऐकल्यावर त्या रात्री आम्हाला वाटलं होतं की आता सगळं संपलं. तसं झालं नाही. तिची भूक, तिचा हट्ट, दारावरच्या माणसावर भुंकणं, सगळं आहे.

---

नवखा_पालक

मधेच विचारतो, माफ करा. आमचा जर्मन शेफर्ड वयस्कर आहे, मागचे पाय हळूहळू लटपटायला लागलेत, नखं घासतात. दुखतंय असं अजिबात वाटत नाही. हाही चकतीचाच प्रकार का?

---

उन्हाची_तिरीप

असू शकतो, नसूही शकतो. मोठ्या जातींत चकती हळूहळू फुगून दाब देण्याचा प्रकार असतो. हान्सेन या संशोधकांनी १९५२ मध्ये चकतीच्या आजाराचे दोन प्रकार मांडले होते, त्यातला हा दुसरा. पण वेदना नसताना हळूहळू वाढत जाणारी लटपट शेफर्डमध्ये डीजनरेटिव्ह मायलोपथीचीही, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याच्या आजाराचीही असते. तिला ऑपरेशनचा उपयोग नसतो, नियमित व्यायामाने मात्र चालणं जास्त काळ टिकवता येतं. न्यूरोलॉजी बघणाऱ्या व्हेटना दाखवा, आणि जमलं तर वेगळा धागा काढा. तिथे सविस्तर लिहीन.

---

चांदणचुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

आम्ही दोघं काल जाऊन आलो. चिकूची लघवी झाली, औषध झालं, सासूबाई क्रेटशेजारी विणकाम घेऊन बसल्या आणि आम्ही निघालो. मी सुरुवातीला फोन हातातच धरून होते. मग सासूबाईंनी एक फोटो पाठवला: हे महाशय उताणे, चारही पाय वर, घोरतायत. त्यानंतर मी फोन पर्समध्ये टाकला आणि जेवले. आम्ही कितीतरी दिवसांनी चिकू सोडून दुसऱ्या विषयावर बोललो.

शेपटीवाला दादा, तुमच्या म्हणण्यावर आम्ही बराच विचार केला. गर्दीची, आत बसायची ठिकाणं चिकूसाठी कायमची बंद, हे ठरलं. त्याला नेलं तर गवत असलेल्या जागी, गर्दी नसलेल्या वेळी, आणि जेवताना एकाचं काम फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायचं. पण नेणार. तो बाहेर जायचा पट्टा दिसला की अजूनही क्रेटमध्ये उठून उभा राहतो, डगमगत्या पायांवर, आणि ते बघितल्यावर त्याला कायम घरी ठेवायचं मला पटत नाही.

सर्जनकडे पुन्हा दाखवायचंय, ते होईपर्यंत बाहेर नेणं नाही. तोवर फरशीवरच्या त्या परीक्षा घेत राहीन. वळणं जमायला लागलंय. उभं राहून खाणं संपवताना शेवटी मागचा भाग अजून खाली जातो.

एक शेवटचं विचारते. पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्यायचाय, पण डॅशहाउंडच्या लांब पाठीला तो मधेच उचलला जाऊन बाक येईल का? कुणी वापरलाय?

---

उन्हाची_तिरीप

एकाच मुठीचा घेऊ नका, तुमची शंका बरोबर आहे. पुढे छातीला आणि मागे कमरेखाली असे दोन भाग असलेला घ्या, दोन्हींना वेगळ्या मुठी असतात. उचलताना दोन्ही हातांनी एकदम. तो येईपर्यंत पोटाखालून मऊ टॉवेलची झोळी घाला, मागच्या पायांच्या अगदी जवळ, आणि वजन पेलण्यापुरतीच वर धरा. पाय जमिनीला टेकलेलेच राहायला हवेत, चालायचं काम त्याने करायचंय.